ऑफिसच्या गच्चीवर भाजी पिकवायची स्पर्धा घ्यायची आहे. तीसेक सहकारी, हातात चार महिने, अनुभव कुणालाच नाही. कोणती भाजी घ्यावी आणि नियम काय ठेवावेत?

एकच भाजी, एकाच पाकिटातलं बी आणि सगळ्यांना सारखीच माती, एवढं आधी ठरवून टाका. ‘ज्याला जे आवडेल ते लावा’ म्हटलं की पालकवाला महिन्याभरात कापून मोकळा होतो, मिरचीवाला फुलांची वाट बघत बसतो आणि निकालाच्या दिवशी परीक्षकांची पंचाईत होते.

चार महिने असतील तर मी टोमॅटो घेईन, तोही बुटक्या, झुडपी वाणाचा. उंच वाढणारा वाण गच्चीवरच्या वाऱ्यात काठीसकट आडवा होतो. दीड महिन्यात उरकायचं असेल तर मुळा. पण मुळ्याच्या स्पर्धेत चुरस नाही, उपटेपर्यंत काही दिसतच नाही. आणि एकेकट्याला न उतरवता जोड्या करा. कुणीतरी रजेवर जाणारच.

प्रत्येक जोडीला १२ × १२ इंची एक ग्रो बॅग (झाडं लावायची पिशवी), म्हणजे साधारण २० लिटर. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारख्या मापाने, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. ओली पिशवी २० किलोच्या आसपास भरते, म्हणजे १५ पिशव्यांचे ३०० किलो. गच्चीच्या मधोमध गर्दी न करता कठड्याच्या कडेने मांडा, आणि इमारत सांभाळणाऱ्यांना आधी विचारा.

रोपं संयोजकांनीच एका ट्रेमध्ये तयार करावीत, लागतील त्याच्या दीडपट. बी आठवड्याभरात उगवतं, चार-पाच आठवड्यांत रोप लावायला येतं. वाटप चिठ्ठ्या टाकून. लावताना खालची पानं खुडून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत घाला. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

आता खरी अडचण: शनिवार-रविवार. फळांनी लगडलेलं झाड उन्हात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज पितं. शुक्रवारी संध्याकाळी पाणी घालून सगळे घरी गेले की सोमवारी माती कडक झालेली असते, मग घाईघाईने बादलीभर ओतलं जातं. या ताण-पुराच्या खेळात कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. पिकत आलेली फळं तडकतात. लोक याला रोग समजून फवारण्या करत बसतात, आणि मातीत कॅल्शियम असतंच, ते वाहून न्यायला नियमित पाणी नसतं. उपाय सोपा आहे. पिशवी भरण्याआधीच तळाच्या भोकातून पॉलिस्टरची जाड दोरी वातीसारखी आत घ्या, वीतभर वर मातीत, खालचं टोक बाहेर. पिशवी दोन विटांवर ठेवा, खाली चार-पाच लिटरचं झाकणाचं टब आणि झाकणाला वातीपुरतं भोक. झाकण नसेल तर डास होतील. वात आधी ओली करायला विसरू नका, कोरडी वात पाणी ओढत नाही. मातीवर दोन इंच वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला.

जागेचा वाद टाळायचा असेल तर दर सोमवारी पिशव्या एकेक घर पुढे सरकवा. नाहीतर स्पर्धा जिंकेल ती सहा तास ऊन मिळणारी जागा. मात्र काठीचा आधार पिशवीतच हवा, कठड्याला बांधलेला नको.

खत सगळ्यांना एकाच पोत्यातून: फुलं दिसल्यावर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. कुणी गुपचूप युरिया टाकला तर तो आपोआप हरतो, झाड हिरवंगार होतं आणि फळ धरत नाही. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटणारा कोंब, काढायची नाही. ती उंच वाणाची गोष्ट. झुडपी वाणाला फळं त्याच फांद्यांवर येतात. वारा पडलेला असेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा, पराग झडतो.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा: लिटरभर पाण्यात ५ मिली, सोबत द्रव साबणाचे थेंब. शेंड्याची पानं मुरडून बारीक होऊ लागली तर तो बहुधा या माशीने आणलेला विषाणू. ते झाड वाचत नाही, लगेच उपटा. लागवडीनंतर तीन आठवड्यांच्या आत असं झालं तर राखीव रोप द्यायचं, हा नियम लेखी असू द्या.

गुण फक्त वजनाचे. देखणेपणाला गुण दिले की कुरबुरी सुरू. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, एकाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दुसऱ्या जोडीसमोर वजन करून वहीत नोंद. पहिली लाली दिसताच फळ तोडा, ते आत ठेवून पिकतं आणि पक्ष्यांच्या तावडीतून सुटतं. चहाच्या सुट्टीत कुणीतरी एखादा तोंडात टाकणारच. न मोजलेलं फळ धरायचं नाही. लागवडीनंतर साधारण ८५ दिवसांनी शेवटची तोडणी ठेवा. त्या दिवशी रंग धरलेलं फळ वजनात, हिरवं बाहेर.