मुलीला चर्चच्या न्यायासनावर बसवू पाहणाऱ्या वडिलांना

आपली मुलगी लंडनमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे विद्यापीठापूर्वीच्या शालेय परीक्षेच्या वर्गात आहे, इतिहासात तिला उत्तम गुण आहेत आणि तिने बॅरिस्टर होऊन पुढे सर मार्क हेडली यांच्यासारखे चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रांताचे चान्सलर, म्हणजे तेथील न्यायाधीश व्हावे, असे आपण लिहिले आहे. गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती पत्राच्या शेवटी ओझरत्या आलेल्या मजकुराची: हा बेत आपण रविवारच्या उपासनेनंतर सर्व मंडळीसमोर जाहीर केलात आणि तेव्हापासून ती क्वायरमध्ये गायला जात नाही. आपण याला वयाचा हट्ट म्हणता. मला ते पटत नाही. जी जागा लहानपणापासून तिची स्वतःची होती, तिथे आता प्रत्येक जण तिला भावी न्यायाधीश म्हणून पाहतो. ज्या श्रद्धेच्या भरवशावर आपण हा बेत आखला, तिलाच आपल्या घाईने धक्का बसतो आहे.

आपला एक गैरसमजही दूर करायला हवा. चान्सलरपद म्हणजे लहान वयात शिरून बढत्या घेत जाण्याची चर्चमधील नोकरी नव्हे. नेमणूक बिशप करतात, परंतु निकाल देताना चान्सलर त्यांच्या आज्ञेत नसतो. काम अर्धवेळ असते आणि ते मुरलेल्या वकिलाकडे किंवा न्यायाधीशाकडे येते. हेडली 2002 ते 2013 या काळात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागात न्यायाधीश होते. अकाली जन्मलेल्या एका अत्यवस्थ बाळाला कृत्रिम श्वासावर ठेवावे की नाही, हा प्रश्न 2004 मध्ये त्यांच्यापुढेच आला होता. लिव्हरपूलचे चान्सलरपद त्यांनी या कामाच्या जोडीने सांभाळले. चर्चच्या इमारतीत किंवा आवारात बदल करायला चान्सलरची परवानगी लागते, त्यामुळे तेथे बहुतेक अर्ज येतात ते बाके हलवण्याचे, बॉयलर बदलण्याचे, थडग्यावरील मजकुराचे. कॉव्हेंट्री धर्मप्रांतात एका कुटुंबाला आईच्या थडग्यावर केवळ आयरिश भाषेतील ओळ हवी होती. चान्सलरांनी 2020 मध्ये सोबत इंग्रजी भाषांतर हवेच असे ठरवले आणि 2021 मध्ये कोर्ट ऑफ आर्चेसने, म्हणजे चर्चच्या वरच्या न्यायालयाने, अपिलात तो निर्णय फिरवला. अशा निवाड्याला कायद्याइतकीच माणसांच्या दुःखाची जाण लागते आणि ती घाईने येत नाही.

कायद्याची पदवी, किंवा अन्य पदवीनंतर कायद्याकडे वळण्याचा रूपांतर अभ्यासक्रम, मग बॅरिस्टरीचा बार कोर्स आणि प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, हा बॅरिस्टर होण्याचा रस्ता आपल्याला ठाऊकच असेल.

माझा सल्ला मात्र वेगळा आहे. तो बेत आपला होता, तिचा नव्हता, हे मंडळीसमोरच सांगा, आणि क्वायरचा आग्रह धरू नका. तिला इतिहासाची पदवी घेऊ द्या. पुढे तिला स्वतःला कायद्याची ओढ वाटली, तर मला पत्र तिने लिहावे.