उत्तर: घेतलं की पडतं, विकलं की चढतं

भावा, "बिटकॉइन घेतला की पडतो, स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला आपोआप विकायची सूचना) लागला की परत वर जातो, एंट्रीची म्हणजे खरेदीची वेळ ओळखायची कशी" हे तुझं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. कोल्हापुरात राजारामपुरीत बसून मीही हेच विचारत होतो. मी सीए नाही, नोंदणीकृत सल्लागारही नाही. भोगलंय तेवढंच सांगतो.

सपोर्ट, आरएसआय वगैरे चार्ट वाचायच्या खुणा तुला येत असणार. चुकलं तर छोटा तोटा घ्यायचा, बाहेर पडायचं, परत शिरायचं, हा शेअरवाल्यांचा उपाय आपल्याकडच्या क्रिप्टोला लागू पडत नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एका एंट्रीत ४० हजार मिळाले, दुसरीत ४० हजार गेले, तर हातात शून्य आणि कर १२,४८० रुपये! शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. लाखभर रुपये वीसदा फिरवले तर भाव जागचा हलला नाही तरी १८ हजारांवर रक्कम कापली जाते. रिटर्न भरल्यावर तिचा हिशेब होतो, पण ऐन वेळी ती हाताशी नसते. म्हणून माझं ठाम मत आहे की अचूक क्षण पकडायला सारखं आत-बाहेर करणं सोड. पैशाचे चार-पाच हप्ते पाड, कुठला हप्ता कुठल्या भावाला टाकायचा त्या पातळ्या आधी लिहून ठेव. पहिला हप्ता महाग पडला तरी पडू दे.

पण माझं खरं नुकसान चार्टनं केलंच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरजवळ गेलेला बिटकॉइन वर्षभरानं एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्सचेंज (खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) कोसळल्यावर १६ हजारांखाली आला. मी त्याचीच वाट बघत पैसे बाजूला ठेवले होते. नेमकं तेव्हाच बँकेनं खातं गोठवलं. आधी पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, थोडे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) विकले होते. घेणाऱ्यानं पाठवलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून फिरत आलेले निघाले आणि परराज्यातल्या सायबर पोलिसांची तक्रार माझ्या खात्यावर येऊन बसली. वादातली रक्कम किरकोळ, होल्ड मात्र अख्ख्या खात्यावर. शाखेत गेलं की "वरून आलंय, आमच्या हातात काही नाही". वर मेल केला की "आपल्या शाखेशी संपर्क साधा". तक्रारीचा नंबर मागितला, तोही देईनात. क्रिप्टो म्हटल्यावर तर समोरचा साहेब माझ्याकडे चोरासारखं बघायला लागला. उद्यमनगरातल्या कास्टिंगवाल्याचं बिल, घराचा हप्ता, सगळं त्याच खात्यातून जायचं. त्या माणसांना पोटाची काळजी सांगून काही फरक पडला नाही, याचा राग मला आजही आहे. खातं सुटलं तोवर मार्च २०२३ सरत आला होता आणि भाव २८ हजारांच्या आसपास. पातळी बरोबर होती, पैसे पोचले नाहीत.

तेव्हा एंट्रीआधी पैशाची वाट नीट कर. क्रिप्टोसाठी खातं वेगळं ठेव, धंद्याचं नको. पी-टू-पीला हात लावू नको, दर चार पैशांनी बरा दिसला तरी. एक्सचेंज एफआययूकडे (केंद्र सरकारचं आर्थिक गुप्तचर खातं) नोंदलेलं आहे का बघ, पण तिथंही सगळी रक्कम पडू देऊ नको, एफटीएक्सवाल्यांचे पैसे अडकले ते विसरू नको. होल्ड लागलाच तर तोंडी बोलण्यात दिवस घालवू नको. लेखी अर्ज दे, पोच घे, तक्रार क्रमांक आणि तपास करणाऱ्या पोलिस ठाण्याचं नाव लेखी माग. वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय. तो आदेश अर्जाला जोड, आपल्याकडे त्याचा कितपत उपयोग होईल ते वकिलाला विचार.

अजून एक. अमेरिकेतल्या महागाईचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहाला, तिकडच्या हिवाळ्यात सातला येतात, आणि बिटकॉइनचा भाव तेव्हा झटके खातो. तुझे स्टॉपलॉस त्याच सुमारास उडतायत का, हे तारखा लावून तपास. मी त्या तासात काहीच घेत नाही. दिवसाची कँडल (चार्टवरची त्या दिवसाच्या भावाची पट्टी) पहाटे साडेपाचला बंद होते, ती उठल्यावर बघितली तरी चालते, रात्र जागायची गरज नाही.

तू पैसे कुठल्या वाटेनं टाकतोयस, ते मात्र लिहिलं नाहीस. पी-टू-पी असेल तर पुढचा सौदा करायच्या आधी इथं सांग.