ट्रेवर लेस ठेवून, चार कोपरे चिकटपट्टीने चिकटवून रंगाचा स्प्रे मारला, तरी नक्षी धूसर का येते? कोणती लेस घ्यावी?

लेसला दोष देऊ नका. ट्रेवर लेस ठेवून फक्त चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, असं तुम्हीच लिहिलंय. घोळ तिथेच आहे. मधली लेस जराशी उचललेली राहते, दोऱ्याखाली फट पडते आणि फवारा आत शिरतो. ‘कोपरे चिकटवले की झालं’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांची नक्षी फोटोत लांबूनच बरी दिसते.

आधी लेसला इस्त्री. एक घडी राहिली तरी तेवढ्या रेघेत रंग पसरतो. मग रद्दीवर लेस उलटी पसरून पुन्हा निघणारा स्प्रे ग्लू हलकाच मारा. मिनिटभर थांबा, नाहीतर गोंदाचे ठिपके ट्रेवर उरतात. लेस मधून कडेकडे दाबत बसवा, पण ओढू नका. ताणली की गोल भोकं लांबट होतात. उरलेला ट्रे कागदाने झाका.

डबा २० ते २५ सेंटीमीटर वर आणि अगदी सरळ धरा. तिरका मारला की प्रत्येक दोऱ्याच्या एका बाजूला सावली उमटते. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात द्या. पहिल्या हाताला काही उमटलंच नाही असं वाटतं आणि बोट बटणावरून हलत नाही. रंग दोऱ्यावर थेंब धरतो, थेंब खाली ओघळतो. शेवटच्या हातानंतर दोनेक मिनिटांत लेस सरळ वर उचला. पूर्ण वाळू दिलीत तर दोऱ्याला धरून रंगाची सालपटं निघतात.

ब्रश नकोच. स्प्रे नसेल तर पाणी न घातलेला अ‍ॅक्रिलिक आणि स्पंज. स्पंज कागदावर टिपून जवळजवळ कोरडा झाला की मगच लेसवर ठोका.

लेस पॉलिएस्टरची घ्या, फुलं भरीव आणि जाळी ठसठशीत असलेली. सुती लेस रंग पिऊन लोळते. तीच वापरायची तर कडक खळ द्या. आणि फुलांना खालचा रंग राहतो, स्प्रेचा रंग भोकांत जातो. पांढरी फुलं हवी असतील तर ट्रे आधी पांढरा हवा.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: तो खालचा रंग किमान २४ तास वाळलेला असू द्या, नाहीतर गोंद त्यालाच उचकटतो. थर्माकोलवर साधा स्प्रे मारू नका, विरघळतो. वार्निशचा पहिला हातही स्प्रेनेच. ब्रशने नक्षी फरफटण्याची भीती असते.