लेपर्ड गेकोची पेटी दर आठवड्याला पूर्ण धुऊनही वास का येतो?

दर रविवारी पेटी रिकामी करून सुगंधी जंतुनाशकाने धुऊनही बुधवारपर्यंत वास परततो, आणि गेको (पालीच्या जातीचा हा पाळीव प्राणी) दोन-दोन दिवस दडून बसतो, असे आपण लिहिले आहे. आम्ही कॅनडात आमच्या मुलीचा लेपर्ड गेको सहा वर्षांपासून सांभाळतो आहोत आणि पहिले वर्षभर आम्हीही नेमके हेच करत होतो. माझ्या अनुभवाने सांगायचे तर रविवारची धुलाई कमी करून रोजची दोन मिनिटे वाढवावीत.

हा प्राणी बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात विष्ठा करतो. आपला कोपरा हेरून तिथे किचन पेपरची घडी किंवा सुटी फरशी ठेवा आणि विष्ठा, तिच्यासोबतचा पांढरा खडूसारखा भाग (ते त्याचे मूत्र) रोज उचलून टाका. पाणी रोज बदलावे. भांडे नुसते विसळू नये, बोटाला बुळबुळीत लागणारा थर घासून काढावा. उरलेले रातकिडे रात्रभर आत सोडू नयेत, कारण ते मरून कुजतात आणि जिवंत राहिले तर झोपलेल्या गेकोला चावतात. आमच्याकडे वासाचे मूळ मात्र निराळेच निघाले: कात टाकण्यासाठी ठेवलेल्या ओलसर डबीत ओलाव्यासाठी घातलेले शेवाळ (मॉस) महिनाभर कोणी बदललेच नव्हते. ते दर आठवड्याला बदलू लागल्यावर वास गेला.

संपूर्ण धुलाई, तळाला पेपर किंवा फरशी असेल तर, महिन्यातून एकदा पुरेशी होते. गेकोला झाकणाला भोके असलेल्या डब्यात ठेवून आधी साबणाच्या गरम पाण्याने सगळे घासून काढावे, कारण घाणीच्या थरावर ब्लीच नीट काम करत नाही. मग एक भाग ब्लीच आणि सुमारे ३० भाग पाणी असे मिश्रण १० मिनिटे राहू द्यावे, वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवावे आणि पेटी कोरडी झाल्यावरच गेकोला आत सोडावे. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले काहीही कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. फिनेल आणि पाइनच्या वासाची द्रावणे तर घरात असली तरी पेटीपासून दूरच ठेवावीत, कारण ती सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक असतात. आपला गेको दडून बसतो याचे एक कारण हा उग्र वास असू शकतो. दुसरे म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखीचा गंध दर रविवारी पुसला जातो. म्हणून आम्ही लपायची एक गुहा न धुता तशीच ठेवतो आणि ती पुढच्या खेपेस धुतो.

पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. गेको ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याचा धोका अधिक असतो. अंगावर पाल पडली की आजी आम्हाला थेट मोरीत पिटाळायची. कारण तिचे वेगळे होते, पण गेकोला हात लावल्यावर साबणाने हात धुताना मला तिचीच आठवण येते.

एवढे करूनही विष्ठा पातळ व अतिशय दुर्गंधीयुक्त असेल आणि शेपूट बारीक होत चालली असेल, तर धुणे थांबवून विष्ठेचा ताजा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जावे. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर नेहमीच्या ब्लीचचा काही उपयोग होत नाही.