२०१२ ची गाडी ३८ हजार घालून ठेवावी की पाच-सहा लाखांत दुसरी घ्यावी?

तुम्ही विचारलंय: गाडी २०१२ ची पेट्रोल, ९६ हजार किलोमीटर झालेली. क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि एसीचा कॉम्प्रेसर मिळून गॅरेजवाल्याने ३८ हजार सांगितले. आणि मेव्हणे म्हणतात, दीड लाखाच्या गाडीत एवढे पैसे घालणं वेडेपणा आहे.

माझी गाडी तुमच्या गाडीहून दोन वर्षांनी मोठी आहे. २०२५ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आमच्याही घरात दोन महिने हाच विषय चालला होता. मी ठेवली.

मेव्हण्यांचा हिशेब मला पटत नाही. गाडी विकायची असेल तर तिच्या किमतीचा प्रश्न. वापरायची असेल तर ३८ हजारांच्या समोर नव्या गाडीचा हप्ता मांडा. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला साधारण साडेदहा हजार जातात. म्हणजे तुमची ही सगळी दुरुस्ती चार हप्त्यांचीही नाही. वर दुसरी गाडी जुनीच असेल तर पहिल्याच वर्षी टायर-बॅटरी मागणार, विमाही जास्त भरावा लागणार.

शिवाय क्लच, सस्पेन्शन, एसी ही झिजणारीच कामं आहेत, एकदा केली की काही वर्षं बघावं लागत नाही. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो का? दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावं लागतं का? ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसतो का? यातलं काही असेल तर आधी इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, मगच ३८ हजारांचा विचार करा. इंजिन खाली उतरवायची वेळ आली असेल तर मीही गाडी काढून टाका म्हणेन.

सोलापूरचा एक फायदा सहसा कोणी धरत नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे पत्रा टिकतो. मुंबई-कोकणातली त्याच वयाची गाडी खालून बघा, मग कळेल. इथे ऊन खातं ते रबर, बॅटरी आणि होजपाइप. आणि आपण स्वतः खातो रेडिएटर, कारण त्यात बोअरचं क्षाराचं पाणी ओततो. कूलंटच घाला, विरळ करायचं असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या जिल्ह्यात राहून त्याची तक्रार तरी काय करणार! पण २०१२ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं घसरतं, आणि पेट्रोलचे रबरी पाइप सर्व्हिसिंगला मुद्दाम बघायला सांगावे लागतात.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते, ही भीती दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरलीय. तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या भागापुरता. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून पुढच्या पाच वर्षांचं रिपासिंग होतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. तुमची पाळी २०२७ मध्ये येईल.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी स्वतः घुटमळलो होतो. माझ्या गाडीत एअरबॅगही नाही आणि एबीएसही नाही (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय). नव्या गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ पासून सगळ्या गाड्यांना. मी गाडी फक्त गावात चालवतो. सात रस्ता, होटगी रोड, फार तर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला. पुण्याला रेल्वेने, हुतात्मा एक्सप्रेस नाहीतर वंदे भारत. सगळं घर मिळून लांब जायचं असलं की भाड्याची गाडी. वर्षातून तीनदा भाडं दिलं तरी दोन-तीन हप्त्यांत बसतं. पण तुम्ही दर महिन्याला लेकराबाळांना घेऊन पुणे हायवेला लागत असाल तर माझा सल्ला उलटा: बदला, आणि २०२२ च्या नंतरचीच घ्या.

घेणारच असाल तर आधी नव्या गाडीचा भाव विचारा. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेली आणि कोरी यांतला फरक कधीकधी हसण्याइतका निघतो. वापरलेली बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पुण्यात मला एक चकाचक गाडी दाखवली होती. मीटरवर ४२ हजार, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. बेल्ट ओढला तर टोकाला चिखलाची रेघ. पुरात बुडालेली गाडी होती! विकणारा म्हणाला, “वॉशिंगवाल्याची चूक असेल.” मी चहा पिऊन परत आलो.

तुमच्या जागी मी असतो तर क्लच आणि सस्पेन्शन आत्ता केलं असतं. एसीचं मात्र दुसऱ्या मेकॅनिककडून एकदा लीकेज तपासून घ्या; बऱ्याचदा कॉम्प्रेसर ठीक असतो, गॅस कुठेतरी गळत असतो. हे काम फेब्रुवारीतच उरका. एकदा ऊन तापलं की एसीवाल्यांकडे आठ-आठ दिवस नंबर लागत नाही.