रविवारची मिसळ आणि पेट्रोलची बिलं

प्रश्न: मावशी, मी अंबडच्या एका कारखान्यात सर्व्हिस इंजिनिअर आहे. तिथले चौघे माझे जिवलग मित्र. चौघंही ख्रिस्ती नाहीत. रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडला मिसळ खायला जातो, त्यामुळे चर्चची उपासना चुकते. आई म्हणते, ही संगत तुला प्रभूपासून तोडेल, सोड त्यांना. पण बाबांच्या ऑपरेशनला हेच रात्रभर दवाखान्यात बसले होते. हां, त्यांचं बघून मीही खोटी पेट्रोल बिलं लावू लागलोय. काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: बाळा, मिसळीबद्दल तू सविस्तर लिहिलंस आणि बिलांचं ओघात सांगून टाकलंस. मला घोर लागलाय तो बिलांचा.

मित्र ख्रिस्ती नाहीत, हा त्यांचा दोष नव्हे. शरणपूरला तरुण संघाचं काम करताना चर्चच्या मंडळीतल्याच दोस्तांच्या नादाने बिघडलेली मुलं मी पाहिली आहेत. ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे आई ऐकवत असेल. प्रेषित पौलाने ते करिंथच्या मंडळीला लिहिलं, आणि तेही मेलेले पुन्हा उठत नाहीत असं म्हणणारे त्या मंडळीतच होते म्हणून. म्हणजे ती कुसंगत बाहेरची नव्हती. बायबलमधला शलमोन राजाचा मुलगा रहबाम आठव. लोक म्हणाले, आमचं जू हलकं कर. वडीलधारे म्हणाले, गोड बोल. त्याने ऐकलं बरोबर वाढलेल्या सवंगड्यांचं, आणि इस्राएलचे दहा वंश हातचे गेले. ते सवंगडी काही परके नव्हते.

‘खोटं बोल’ असं कुठलाच मित्र म्हणत नाही. ‘सगळेच लावतात रे’ एवढंच म्हणतो. पहिल्या बिलाला छाती धडधडते, पुढे तेवढंही होत नाही. मग चर्चमध्ये पापांगीकार, म्हणजे पापांच्या कबुलीची प्रार्थना, म्हणताना ते बिल आठवतं, आणि तिथे जाणंच नकोसं होतं. तुझी उपासना खरंच मिसळीपायी चुकते का, हे तुझं तूच तपास.

आईला आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दे. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये. नवऱ्याइतकं जवळचं कोण? तरी विश्वास आला तो त्यांच्या स्वतःच्या पावलांनी. मित्रांच्या चार घासांनी तो जाईल, असं मला वाटत नाही.

तेव्हा मित्र सोडू नकोस. दवाखान्यात जागणारी माणसं सहज मिळत नाहीत. या महिन्याचं बिल मात्र खरं लाव आणि चौघांना तसं तोंडावर सांग. एखादा चिडेल, एखादा कदाचित स्वतःचंही थांबवेल; संगतीचा परिणाम तुझ्याकडून त्यांच्यावरही होतोच ना? मिसळ उपासनेनंतर खा, नाहीतर शनिवारी.

आणि मंडळीत एक तरी सोबती जोड, ज्याच्यापाशी बिलाची गोष्ट बोलता येईल आणि दोघांना मिळून प्रार्थना करता येईल. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठलेला असताना शौलाचाच मुलगा योनाथान झीफच्या रानात आपल्या या मित्राकडे गेला, तो देवाच्या ठायी त्याला धीर द्यायला. असा माणूस तुझ्या पत्रात मला कुठेच दिसला नाही.

आधी घेतलेल्या पैशांचा हिशेब कागदावर मांड आणि तो घेऊन पाळकांना एकट्यात भेट. परत कसे करायचे, ते दोघं मिळून ठरवा.