वाचकांचे प्रश्न : नाताळाच्या गोष्टीतले हनुक्काचे दिवे

प्रश्न : मी साताऱ्यात एका लहानशा वाचनगटाचे काम पाहते. गटात बहुतेक अकरावी-बारावीची मुले-मुली आहेत आणि डिसेंबर आला की ती इंग्रजीतल्या किशोरवयीनांसाठीच्या हिवाळी प्रेमकथा हौसेने वाचतात. यंदा वाचलेल्या एका कादंबरीतली नायिका ज्यू होती, परंतु तिचा हनुक्का हा हिवाळी सण एका पानात आटोपला आणि उरलेली सगळी गोष्ट नाताळाच्या झाडाभोवती घडली. 'हा त्यांचा नाताळ की त्यांची दिवाळी?' असे एका मुलीने विचारले, तेव्हा मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. तीच मुलगी आता पाचगणीच्या वसतिगृहात घडणारी, बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजातली नायिका असलेली प्रेमकथा मराठीत लिहीत आहे. तिला काय सांगावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या गटातल्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्या कादंबऱ्यांची मुख्य उणीव त्यातच सापडते. हनुक्का हा ज्यूंचा नाताळ नाही. इसवी सनापूर्वी १६४च्या सुमारास मक्काबी या ज्यू बंडखोर बंधूंनी सिल्युकिड घराण्यातला परका राजा चौथा अँटिओकस याच्या सैन्याकडून जेरुसलेमचे मंदिर परत मिळवले आणि ते शुद्ध करून त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली, त्याची ही आठवण आहे. एका दिवसापुरते उरलेले पवित्र तेल आठ दिवस पुरले, ही कथा तालमूद या ज्यू धर्मग्रंथात येते. ज्यू वर्षातले अधिक गंभीर सण शरद आणि वसंत ऋतूंत येतात. त्यांच्या तुलनेत हनुक्का धाकटा, आणि त्या आठ दिवसांत कामधंद्यालाही बंदी नसते. अमेरिकेत तो एवढा मोठा झाला, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाताळाच्या झगमगाटात वाढणाऱ्या ज्यू मुलांची परिस्थिती बरीच कारणीभूत आहे. भेटवस्तूंची रेलचेल त्यातूनच आली. म्हणून हिवाळी प्रेमकथेत ज्यू पात्र आले की लेखक हाताशी असलेला हा एकच सण उचलतो आणि नाताळाच्या जागी बसवून मोकळा होतो. त्यामागे द्वेष नसतो हे मला मान्य आहे. तरीही ज्या मुलीच्या घरी तो सण खरोखर साजरा होतो, तिला ते पान वाचताना आपण या गोष्टीत पाहुण्या आहोत असे वाटते, आणि ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

दिवाळीशी मात्र एक खरा दुवा आहे, आणि तो आपल्या मुलांना पंचांगातून दाखवता येईल. ज्यू महिना आपल्यासारखाच चंद्रावर चालतो आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरले जातात. हनुक्का किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास, कधी कार्तिकात तर कधी मार्गशीर्षात. २०१३ साली तो २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला होता, तर २०२४ साली २५ डिसेंबरच्या संध्याकाळी. आठ दिवसांच्या मध्ये अमावास्या येतेच. अमावास्येपर्यंत चंद्र रोज क्षीण होत जातो आणि खिडकीत रोज एक दिवा वाढत जातो, ही रचना कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. बर्फ नसला तरी चालेल. पाचगणीची थंडी, बाजारात नुकत्याच येऊ लागलेल्या स्ट्रॉबेऱ्या आणि अमावास्येकडे झुकणारी रात्र एवढे कथेला पुरेसे आहे.

यापुढचे मात्र लेखिकेने मनावर घ्यावे असे मला वाटते. सणाचे नियम हे वर्णनाचे साहित्य नसून कथानकाचे साहित्य आहेत. हनुक्काच्या दीपाधारावर आठ दिवे असतात आणि नववा 'शमाश' म्हणजे सेवक दिवा, जो इतर दिवे पेटवण्यासाठी असतो. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन असे दिवे वाढत जातात. शमाश धरून आठ रात्रींच्या मेणबत्त्या मोजल्या तर चव्वेचाळीस होतात. हे दिवे फक्त पाहायचे असतात, त्यांच्या उजेडात काम करायचे नसते. उजेड वापरला गेलाच तर तो शमाशचा समजावा, म्हणून तो वेगळा ठेवलेला असतो. एखाद्या कादंबरीत नायिका हनुक्काच्या दिव्याशी वाकून प्रियकराची चिठ्ठी वाचते आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही, तेव्हा त्याने सण बाहेरूनच पाहिला आहे हे जाणकाराला लगेच कळते. पण नियम ठाऊक असलेली लेखिका त्याच प्रसंगातून किती काही काढू शकेल! चिठ्ठी हातात आहे, दिवे समोर आहेत आणि ती वाचता येत नाही. दिवे अंधार पडल्यावर किमान अर्धा तास जळावेत असा नियम आहे, आणि ते जळत असताना स्त्रियांनी काम करू नये असा जुना रिवाज आहे. प्रेमकथेला यापेक्षा चांगला अर्धा तास कोणी आणून देईल असे मला वाटत नाही. शिवाय दिवे खिडकीत किंवा दाराशी, बाहेरच्यांना दिसतील असे ठेवायचे असतात, म्हणजे चमत्काराची वार्ता सर्वांना कळते. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाने ते मोजावेत, हा प्रसंग सणातच दडलेला आहे.

आठ रात्रींत शुक्रवारची संध्याकाळ एकदा तरी येतेच. त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांच्या आधी, सूर्यास्तापूर्वी लावतात, आणि काटेकोर घरातली मुलगी त्यानंतर शनिवारी रात्र पडेपर्यंत फोन उचलणार नाही. सैल घरातली उचलेल. आपली नायिका कोणत्या घरातली आहे हे लेखिकेने पहिल्या पानापूर्वीच ठरवलेले बरे.

इंग्रजीत हे साधलेली पुस्तके नाहीत असे नाही. हॅना रेनॉल्ड्स यांच्या २०२२ साली आलेल्या 'एट नाइट्स ऑफ फ्लर्टिंग' या कादंबरीत ज्यू कुटुंब हनुक्कासाठी नँटकेट बेटावर एकत्र जमते आणि गोष्ट त्या सणाच्या रात्रींतच घडते. गटासाठी निवड करताना अमेरिकेतल्या ज्यू ग्रंथालयांच्या संघटनेच्या सिडनी टेलर पुरस्काराच्या याद्या पाहाव्यात. १९६८पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारात किशोरवयीनांच्या पुस्तकांचाही वेगळा विभाग आहे.

आता बेने इस्रायल नायिकेविषयी. येथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण अमेरिकन नायिका उचलून तिला पेणकर किंवा रोहेकर आडनाव देण्याचा मोह सहज होईल. बेने इस्रायल हे कोकणकिनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले लोक. त्यांच्या सणांना स्वतःची मराठी नावे आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. या जुन्या यादीत हनुक्का नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारख्या त्यांच्या इतिहासकारांनी याचा संबंध असा लावला की, पूर्वज मंदिराच्या त्या पुनर्प्रतिष्ठेपूर्वीच इकडे आले होते. पुढे हा सण त्यांच्या घरांत आला आणि आज तो साजरा होतो. मला विचाराल तर कथेचे खरे बीज या ठिकाणी आहे : तेल गाळणाऱ्या समाजाकडे तेलाच्या चमत्काराचा सण उशिरा पोहोचला. वसतिगृहातल्या मुलीला हे तिच्या आजीने सांगितलेले असू शकते. तिच्या डब्यात अमेरिकन बटाट्याची थालीपिठे घालण्याची घाई करू नये. नारळाच्या दुधातला हलवा किंवा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा तिच्या ओळखीचा आहे, मात्र मलिदा हा हनुक्काचा पदार्थ नव्हे, तो नवसाचा आणि मंगलप्रसंगीचा आहे, हे भान ठेवावे. शक्य झाल्यास लेखिकेने पुण्याला रास्ता पेठेतल्या बेने इस्रायलांच्या प्रार्थनालयाकडे आधी विचारणा करून जावे आणि एखाद्या वयस्क बाईंना त्यांच्या लहानपणीच्या डिसेंबराविषयी विचारावे.

प्रश्न : मराठी कथेत हिब्रू शब्द आले तर कंसात अर्थ द्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : देऊ नये. 'शमाश' हा शब्द पात्राच्या तोंडी सहज यावा आणि त्याचा अर्थ कृतीतून दिसावा. एकाने तो दिवा उचलला आणि त्यावरून बाकीचे लावले, एवढ्याने वाचकाला कळते. आपण 'ओटी' किंवा 'वाण' कंसात समजावून सांगत नाही. 'हनुक्का' या शब्दातला पहिला उच्चार मूळ हिब्रूत घशातून येतो आणि तो देवनागरीत नेमका उतरत नाही, म्हणून कोणतेही एक रूप निवडून ते शेवटपर्यंत सांभाळावे. बेने इस्रायल पात्राच्या तोंडी मात्र आधी त्यांची मराठी नावे शोधावीत. आजी योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणी म्हणत असेल, तर नातही घरी तसेच म्हणेल आणि वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगताना कदाचित दुसरे नाव वापरेल.